फॉरेक्स कार्ड, पाच महिने, जपान: साडेसहाशे रुपयांचं एक बटण

फॉरेक्स कार्ड म्हणजे परदेशी चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, एवढं सांगून थेट मुद्द्यावर येते. कंपनीच्या कामासाठी दोन फेऱ्यांत मिळून पाच महिने जपानमध्ये होते आणि दोन्ही वेळा हेच येनचं कार्ड वापरलं. बँकेचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.

आधी ते बटण. ओसाकात शिनसाइबाशीला सुटकेस घेतली, 14,800 येन. मशीनवर दोन पर्याय आले: येन की रुपये. दिवसभर पायपीट झालेली, रुपये म्हणजे आपलेच, म्हणून तेच दाबलं. कार्डातून 15,930 येन गेले! दुकानाच्या मशीनने स्वतःच्या दराने येनचे रुपये केले आणि माझ्या कार्डात रुपयाचं खातंच नसल्याने बँकेने साडेतीन टक्के लावून त्याचे परत येन केले. येन भरलेल्या कार्डावर, येनच्या देशात, दोनदा चलनबदल. रात्री हॉटेलात तीनदा हिशोब केला. साडेसहाशे रुपये! तेवढ्यात घरी महिन्याचं दूध येत नाही हे खरं, पण आठवडाभराचं नक्की येतं.

त्या रात्री इथे एक तारा देणार होते. मग शांतपणे विचार केला, तर बटण मीच दाबलं होतं. कार्डाचा दोष एवढाच की असा व्यवहार ॲपमधून बंद करायची सोय नाही. तेव्हापासून मशीन हातात आलं की आधी JPY शोधते, म्हणजे येनचं रोमन अक्षरांतलं लघुरूप. दुकानदार ताटकळला तरी चालेल.

बाकी कार्ड गुणी आहे. दर आधीच बांधलेला, त्यामुळे येन वर गेला तरी झोप उडत नाही. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पासपोर्ट दाखवून करमुक्त खरेदी केली, करापूर्वीची किंमत 5,000 येनच्या वर होती म्हणून 10 टक्के जागेवरच सुटले. (2026 च्या नोव्हेंबरपासून आधी पूर्ण भरायचे आणि परत जाताना मागायचे, अशी पद्धत येतेय.) भात शिजवायचा कुकर मात्र मोह आवरून ठेवून दिला. तिकडचा 100 व्होल्टचा, आपल्याकडे लावला की धूर.

पण कार्डावर सगळं भागेल या भ्रमात जाऊ नका. स्टेशनवरच्या मशीनमध्ये सुइका, म्हणजे ट्रेन-बसचं प्रीपेड कार्ड, भरायला रोखच लागते. छोट्या रामेनच्या (सूपमधल्या नूडल्सच्या) दुकानात दाराशीच तिकीट-मशीन असतं, तेही रोखीचंच. 2024 च्या जुलैत नव्या नोटा आल्या. शास्त्रज्ञ कितासातोंचं चित्र असलेली नवी हजाराची नोट मी घातली की मशीन ती जीभ बाहेर काढावी तशी परत काढायचं. मागे रांग, पुढे भूक. शेवटी मालकाने आतून येऊन गल्ल्यातली जुनी नोट दिली.

आणि नाणी! पाच येनच्या नाण्यावर आपल्या ओळखीचा आकडाच नाही, फक्त त्यांची अक्षरं आणि मध्ये भोक. पहिला आठवडा मी मूठभर नाणी काउंटरवरच्या ट्रेमध्ये ओतायचे आणि बाई हसून वेचून घ्यायची.

आता भांडण. परत आले तेव्हा कार्डात 3,212 येन शिल्लक. ॲपमध्ये 'रिफंड' बटण आहे, दाबलं की म्हणतं शाखेत जा. शाखा म्हणाली, कार्ड जिथून घेतलं त्या शाखेत जा. तिथे फॉर्म, पासपोर्टची प्रत आणि "मॅडम, सात दिवस". एकोणीस दिवसांनी पैसे आले, तेही कापून. कशाचे कापले विचारलं तर "सिस्टीमने घेतले". कुठली सिस्टीम?

म्हणून तीन तारे. दर आणि ॲपसाठी तीन, रिफंडला शून्य. कपातीचा तपशील मागणारा चौथा मेल आज सकाळी टाकलाय.