राउटरचा युपीएस: सहा राउंड आणि एक रंगपंचमी

लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारा हा बॅटरीचा डबा नाशिकच्या एम. जी. रोडवरून १,६५० रुपयांना घेतला, दोन महिने वापरून मग लिहितोय. ब्रँडचं नाव सांगून फायदा नाही. दुकानात हाच काळा डबा चार वेगवेगळ्या नावांनी मांडून ठेवला होता.

घ्यावा का लागला? कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीत बॅकएंडच्या (सर्व्हरकडच्या सॉफ्टवेअरच्या) जागेसाठी माझे रिमोट इंटरव्ह्यू चालू होते. एकूण सहा राउंड, तेही रात्रीचे. पहिल्या कोडिंग राउंडला एलआरयू कॅशे (जागा भरली की सर्वात जास्त वेळ न वापरलेली गोष्ट काढून टाकणारा साठा) लिहायला सांगितली. त्यातला हॅशमॅपचा भाग झाला, डबली लिंक्ड लिस्टचा अर्ध्यावर आला आणि पाथर्डी फाट्याची लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर मात्र गार. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून परत येईपर्यंत चार मिनिटं गेली. तेवढा वेळ इंटरव्ह्यू घेणारा बिचारा माझ्या अर्धवट कोडकडे एकटाच बघत बसला होता. नशीब, पुढच्या राउंडला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. दुकानदाराचा पहिला प्रश्न: "अडॅप्टरवर काय लिहिलंय दादा?" मी फोटो काढून नेला होता, १२ व्होल्ट, १ अँपिअर. तुम्हीही न्या. ९ व्होल्टवर चालणारे राउटरही असतात आणि चुकीचा डबा जोडला तर नवा राउटर घ्यावा लागू शकतो.

लाइट गेल्यावर राउटर रीस्टार्ट होता कामा नये, खरी परीक्षा ती. त्यात हा पास. खोक्यावर चार तास लिहिलंय, माझ्याकडे मोजून दोन तास चाळीस मिनिटं चालला. सर्वात लांब राउंड दीड तासाचा होता, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मात्र तुमचं नेट कसलं आहे ते आधी बघा. माझ्याकडे फायबर थेट घरात येतं, वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागतच नाही. गंगापूर रोडला मावशीकडे केबलवाल्याचा स्विच (घरोघरी नेट वाटणारा डबा) गच्चीवर आहे, बिल्डिंगची लाइट गेली की तोही जातो. तिनं माझ्या शब्दावर हाच डबा घेतला आणि आता प्रत्येक फोनवर ऐकवते, "तुझा डबा नुसता लुकलुकतो रे!"

युपीएस ज्यावर काहीच करू शकत नाही, ते म्हणजे अमेरिकेचं घड्याळ. सिस्टिम डिझाइनचा (मोठी सेवा कशी उभारायची ते सांगण्याचा) राउंड रंगपंचमीच्या दिवशी आला. मेलमध्ये नुसतं 'सकाळी ९, पॅसिफिक' (म्हणजे कॅलिफोर्नियाची वेळ), कॅलेंडरचं निमंत्रण नाही. आधीचे राउंड याच हिशोबानं रात्री साडेदहाला झालेले, म्हणून मी निवांत तिवंधा चौकात रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारून आलो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, हे डोक्यातच आलं नाही. साडेनऊला मी ताटावर, नऊ चौतीसला मेल: येताय ना? हात धुतला, शर्ट बदलला, कान मात्र रंगलेलेच. समोरच्या बाईंनी अगदी सभ्यपणे विचारलं, तुमच्या कॅमेऱ्याच्या रंगात काही बिघाड आहे का? रंगपंचमी समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण त्या हसल्या. मग प्रश्न आला यूआरएल शॉर्टनरचा, म्हणजे लांबलचक लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेचा. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हांतून सात चिन्हांचा कोड केला की साधारण ३.५ लाख कोटी लिंक होतात, एवढं तोंडपाठ होतं, तेच उपयोगी पडलं. त्या रात्री लाइट दोनदा गेली. त्यांना पत्ताही लागला नाही.

सहाव्या राउंडनंतर एकोणीस दिवसांनी दोन ओळींचं मेल आलं, जागाच रद्द केली म्हणे. त्यासाठी डब्याचे स्टार कापणार नाही.

डब्याचे दोष दोनच. चालू-बंदचं बटण नाही. आणि निळा दिवा असा प्रखर की रात्री हॉलमध्ये पोलिसांची गाडी उभी असल्यासारखं वाटतं. बाबांनी त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली आहे. पाचपैकी चार.