ऑनलाइन सर्टिफिकेट की पुण्याचे पाच दिवस? इमारतीतल्या इमर्जन्सी रेडिओचं काम शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडं फायर अलार्मच्या वायरी ओढणारा एक पोरगा आहे. डिप्लोमा झालेला, हात चांगला. मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर चहा पिताना त्यानं विचारलं, "दादा, आगीच्या वेळी फायरवाल्यांचा वॉकीटॉकी तळघरात चालावा म्हणून जी सिस्टीम बसवतात ना, तिचा कोर्स करायचाय. ऑनलाइन करू का पुण्याला जाऊ?" मी दोन्ही केलेत, दोन्हीचे पैसे स्वतःच्या खिशातनं भरलेत. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. बीडीए (सिग्नल वाढवणारी पेटी) काय करतो, बाहेरचा सिग्नल पकडणारी डोनर अँटेना गच्चीवरच का, सिग्नल वाटून देणारे स्प्लिटर कुठं आणि कपलर कुठं, हे ज्याला अजून ठाऊक नाही त्यानं आधी कुणाच्या तरी हाताखाली सहा महिने मोबाइलचं आयबीएस, म्हणजे इमारतीच्या आत मोबाइलचा सिग्नल पोचवायचं काम, करावं. कोर्स त्यानंतर.

नावं घेत नाही. एक ऑनलाइन, परदेशी उपकरणांच्या कंपनीचा. दुसरा पुण्यात पाच दिवसांचा, प्रत्यक्ष हातानं करायचा.

ऑनलाइनबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. हे काम मुळात का करायचं, ते मला तिथं कळलं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या उत्तर टॉवरमधल्या कित्येक जवानांना बाहेर पडण्याचा आदेश रेडिओवर ऐकूच आला नव्हता, हा धडा त्यांनी पहिल्याच तासाला ठेवलाय. नंतर नियम येतात आणि तेही नीट उलगडून. मजल्याचे साधारण सारखे वीस चौकोन पाडायचे, प्रत्येकात रेडिओ बोलून बघायचा, जास्तीत जास्त दोन चौकोन नापास चालतात, पण ते एकमेकांना लागून नकोत. गच्चीवरची अँटेना आणि आतल्या अँटेना यांच्यातलं आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत पोचताना किती कमी होतो ते) बीडीएच्या गेनपेक्षा (तो सिग्नल किती वाढवतो त्यापेक्षा) किमान २० डीबीनं जास्त हवं, डीबी हे सिग्नल मोजायचं एकक, म्हणजे गेन ७० ठेवला तर ९०. हा आकडा का, हे त्यांनी बीडीएला मुद्दाम स्वतःचाच सिग्नल परत उचलून शिट्टी मारायला लावून दाखवलं. आजही गच्चीवर चढलो की तोच व्हिडिओ डोळ्यापुढं येतो.

पण नियम सगळे अमेरिकेचे. तिथल्या फायर कोडला मुख्य बसवणाऱ्याकडं दोन कागद लागतात: एक प्रशिक्षणाचा आणि दुसरा एफसीसीचा, म्हणजे तिथल्या रेडिओ-दूरसंचाराच्या सरकारी मंडळाचा, रेडिओ ऑपरेटर परवाना. त्या परवान्याच्या तयारीला कोर्समध्ये वेगळा भाग आहे. मुख्य पेपरात शंभर प्रश्न, पंचाहत्तर बरोबर यायला हवेत. मी राजारामपुरीत रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून सोडवत बसलो. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास दहावीला केला असता तर?" आणि शेवटी कळलं की हा परवाना अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्याला किंवा तिथं नोकरीला पात्र असणाऱ्यालाच मिळतो. अर्ज भरायच्या पानावर कळलं. आधी वाचायला हवं होतं, चूक माझीच.

भिंतींचंही तसंच. त्यांच्या उदाहरणातली भिंत म्हणजे आत पोकळ, वरनं जिप्समचा पत्रा. आपल्याकडं नऊ इंची वीट, लिफ्टभोवती सळईची भरगच्च जाळी. त्यांचे डीबी इथं लावले की गणित चुकतं. पण हे साइटवर दोनदा तोंडावर आपटलं की माणूस शिकतो, त्यासाठी कोर्स बदलायची गरज नाही.

माझा निर्णय ज्यानं झाला ती गोष्ट अगदी फुटकळ आहे. सांगतानाही लाज वाटते.

कनेक्टर.

त्या ऑनलाइन कोर्समध्ये बारा भाग. जिथं जिथं फीडर केबलला, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या जाड केबलला, कनेक्टर लावायची वेळ येते, तिथं तिथं एकच वाक्य: 'उत्पादकाच्या सूचनेनुसार कनेक्टर बसवा.' पुढची स्लाइड. पहिल्यांदा वाटलं, पुढं येईल. चौथ्यांदा तेच आल्यावर चिडून विचारणा पाठवली. उत्तर आलं, सोबतची पीडीएफ बघा. पीडीएफमध्ये पाच चित्रं, त्यातलं एक उलटं छापलेलं.

परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झालो. त्याच जोशात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या तळघराचं काम घेतलं. हाफ इंच केबल, चौदा कनेक्टर, सगळे मी स्वतः लावले. हँडओव्हरला रेडिओ झकास चालला. पावसाळा लागला आणि फोन सुरू झाले: दुपारी आवाज येतो, रात्री तुटतो, एका कोपऱ्यात ऐकू येतं, दुसऱ्यात नुसती खरखर. अँटेना बदलल्या, बीडीए तपासला, गेन खालीवर केला. तीन खेपा पदरच्या डिझेलनं. शेवटी वैतागून एक कनेक्टर उघडला तर आतल्या पांढऱ्या फोमवर तांब्याचा कीस चिकटलेला, आणि मधली तार दीड-दोन मिलीमीटर आखूड. दुसरा उघडला. तोही तसाच.

त्यानंतर पुणं. पहिल्या दिवशी मास्तरांनी एकही स्लाइड न दाखवता प्रत्येकाच्या हातात मीटरभर केबल आणि हॅक्सॉ दिला. म्हणाले, दोन्ही टोकांना कनेक्टर लावा, चहाला भेटू. चहानंतर प्रत्येकाचा जंपर, म्हणजे तोच कनेक्टर लावलेला तुकडा, साइट मास्टर या केबल तपासायच्या मीटरला जोडून आलेख पडद्यावर, सगळ्यांसमोर. माझा व्हीएसडब्ल्यूआर (सिग्नल किती परत फिरतो त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.९. मास्तरांनी माझी केबल उचलली, कापलेलं टोक बघितलं आणि म्हणाले, "अहो कोल्हापूरकर, ही काय उसाची कांडी आहे का, कशीही तोडायला?"

मग शिकवलं. काप काटकोनातच हवा. कापताना टोक खाली झुकवून धरायचं म्हणजे कीस आत न जाता खाली पडतो. नंतर ब्रशनं फोम झाडायचा, फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ आत जाते. मधल्या तारेची धार कानशीनं मोडायची. आवळताना एक पाना घट्ट धरून ठेवायचा, दुसराच फिरवायचा. दोन्ही फिरवले की आतली पिन घासते आणि नवा कीस तयार होतो. हे कुठल्याही पीडीएफमध्ये असेल म्हणा. पण माझी चूक मला कुणीतरी दाखवायला हवी होती, आणि पडद्यासमोर बसून ती दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशी माझा जंपर १.१५ वर आला. त्या दिवशी मास्तर काहीच बोलले नाहीत. तीच शाबासकी समजलो.

परत आल्यावर कागलचे चौदाच्या चौदा कनेक्टर पुन्हा केले, फुकट. त्यानंतर तिथनं फोन नाही. आता याला मोजमाप म्हणायचं का नशीब, ते तुम्ही ठरवा.

पुण्याची आणखी एक जमेची बाजू: परवान्यांवर त्यांनी अर्धा दिवस खर्च केला. फायरवाल्यांची फ्रिक्वेन्सी उचलून वाढवणारी पेटी आपल्या मनानं लावता येत नाही. डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार खात्याची फ्रिक्वेन्सी वाटणारी शाखा) परवाना आणि ज्यांची फ्रिक्वेन्सी त्यांची संमती, दोन्ही लागतं. मोबाइलचे चोरटे बूस्टर लावणाऱ्यांवर दूरसंचार खात्याच्या धाडी पडतात, त्याच रांगेत आपण उभे राहू नये. ऑनलाइनमध्ये यातलं अक्षर नव्हतं. त्यांच्याकडनं अपेक्षाही नाही.

पुण्यात सगळं सोन्याचं होतं असंही नाही. वीस चौकोनांची ग्रिड टेस्ट त्यांनी शेवटच्या दिवशी जेवणानंतर तासाभरात उरकली. ऑनलाइनवाल्यांनी तीच दोन भाग घेऊन, रिपोर्टच्या नमुन्यासकट शिकवली होती. कागदपत्रात पुणं कच्चं आहे. खर्चही जास्त: फी, लॉज, जेवण आणि पाच दिवस बंद राहिलेलं काम धरलं तर मला ऑनलाइनच्या दुपटीच्या वर पडलं. आणि बॅच निवडताना जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. २०१९ ला आणि २०२१ ला पुराच्या पाण्यानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. कोल्हापूरकराला हे सांगायला नको, पण फी परत मिळत नाही, हे सांगायला हवं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ज्याला आखातात किंवा आणखी पुढं जायचंय, त्याच्या बायोडेटावर परदेशी कंपनीचं नाव जास्त उठून दिसेल. माझ्या ओळखीतला एकजण त्याच जोरावर मुलाखतीपर्यंत पोचला. फक्त ते सर्टिफिकेट त्या कंपनीच्या पेटीपुरतं असतं आणि ठरावीक काळानं पुन्हा पैसे भरून ताजं करावं लागतं, हे ध्यानात ठेवा. ज्याला नुसतं डिझाइन करायचंय, केबलला हात लावायचा नाही, त्यालाही ऑनलाइन पुरेल असं मला वाटतं. ज्याची उपकरणं विकतो त्याच कंपनीचा कोर्स कंत्राटात मागितला असेल तर प्रश्नच मिटला.

पण जो स्वतः शिडीवर चढणार आहे, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात काम करणार आहे, आणि बिघडल्यावर ज्याच्या मोबाइलवर फोन येणार आहे, त्यानं जमत असेल तर आधी पुण्याला जावं. नियमांचा अभ्यास मागनं, घरी बसून, सवडीनं करता येतो. माझा क्रम उलटा झाला आणि तो मला तीन खेपांना पडला. तुमचा हात आधीच बसलेला असेल तर हे सगळं सोडून द्या.

पोराला एवढं सांगितलं. त्यानं विचार केला, घरी विचारलं, आणि पुढच्या बॅचला नाव घातलं. निघताना माझ्याकडचा बारीक दातांचा नवा हॅक्सॉ ब्लेड त्याच्या पिशवीत टाकला. तिथल्या ब्लेडना दात उरलेले नाहीत, हे मी मास्तरांना तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं असेल असं वाटत नाही.