शेडवाल्याने ३,०१,००० रुपयांना बुडवलं. लोखंड काट्यावर घातल्याशिवाय पैसे मोजू नका

बयाणा घ्यायचा, खांब उभे करायचे, पुढचा हप्ता उचलायचा आणि फोन बंद. ही तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, मलाही होती. तरी माझे ३,०१,००० रुपये गेले. चारचौघांत सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितोय.

शेड ३० बाय ६० फुटांचं. अर्ध्यात ट्रॅक्टर-ट्रॉली, अर्ध्यात कांदा. कांद्याच्या बाजूला खालून दीड फूट मोकळं हवं, हवा खेळली नाही तर उन्हाळ कांदा टिकत नाही. म्हणून मापाप्रमाणेच बांधून घ्यायचं होतं. दोघांनी चौरस फुटाला २६० रुपये सांगितले, याने २२५. १,८०० फुटांचे ४,०५,००० झाले. स्वस्ताला भुललो असं गावात बोलतात, ते खोटं आहे. त्याने बांधलेले दोन गोठे मी स्वतः जाऊन पाहिले, मालकांशी बोललो. शेतकऱ्याने आणखी काय करायचं? त्यातला एक मालक त्याचा साडू होता, हे मला नंतर कळलं.

३० मार्च २०२५, पाडवा, ५१,००० रोख. ९ एप्रिलला माल उतरला, १,५०,०००. १७ एप्रिलला दहा खांब उभे राहिले आणि हा म्हणाला, "आण्णा, पत्र्याचा भाव वाढतोय, आजच बुक करून टाकतो." आणखी १,००,०००. अक्षय्य तृतीयेला पत्रा पडणार होता. २२ एप्रिलपासून फोन बंद.

९ एप्रिल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. टेम्पो बांधावर उभा होता, मी चहा घेऊन गेलो. त्याचा एक पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, चार बाय चार इंची, वीस फुटी पाइप एकट्याने खांद्यावर टाकून ढेकळांतून चालत गेला. मी पाहिलं. मनात आलंसुद्धा, पोरगं ताकदीचं आहे. अरे, ठरल्याप्रमाणे ४ मिलिमीटर जाडीचा असता तर तो पाइप ७३ किलोच्या आसपास भरला असता! एकटा माणूस तो घेऊन ढेकळांत चालेल का? मे महिन्यात दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून कापून मोजला तेव्हा अडीच मिलिमीटर निघाला. ४७ किलो. टेम्पोसोबत काट्याची पावती नव्हती आणि मी मागितली नाही. बाजार समितीत माझा कांदा काट्यावर जातो तेव्हा किलोभरासाठी मी भांडतो. वजनकाटा माझ्या शेतापासून दोन किलोमीटरवर आहे. एवढं एकच केलं असतं तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं.

काटापावती पाहिल्याशिवाय टेम्पो उतरवू देऊ नका. पाइपाची जाडी पाइपाच्या तोंडाशी मोजा, खांब रोवल्यावर मोजता येत नाही.

मे महिन्यात पावसाने झोडपलं ते सगळ्यांना आठवत असेल. माझा कांदा ताडपत्रीखाली होता. खालची रास भिजली, वास सुटला, दोन ट्रॉल्या उकिरड्यावर टाकल्या. ते नुकसान ३,०१,००० मध्ये धरलेलं नाही.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा. दुसऱ्यांदा गेलो तर तो राहतो शेजारच्या तालुक्यात, तिकडे जा. तिकडे गेलो तर काम तुमच्याकडे झालं, इकडे कशाला आलात? हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, हे नव्या कायद्यात लिहिलेलं आहे. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद वाचलाही नाही, वर मलाच विचारलं, "एवढे पैसे दिलेच कशाला?" चोरी झाली तर घरात सामान ठेवलंच कशाला, असं विचारतात का? अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने अर्ज केला, तो चौकशीसाठी फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर आला. सात खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला शेतातला एक दिवस बुडाला.

करारनामा केला नव्हता. ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला तालुक्याला जावं लागलं असतं, ऐन कांदा काढणीत मजूर सोडून कोण जाणार? त्याच्या लेटरहेडवर भाव लिहून सही घेतली होती, ती मला पुरेशी वाटली. त्यावरचा जीएसटी नंबर नंतर पोर्टलवर टाकून पाहिला तर रद्द झालेला. पाहायला दोन मिनिटं लागतात, पैसे द्यायच्या आधी पाहा. रोख तर देऊच नका. माझे ५१,००० कुठल्याच कागदावर नाहीत, फक्त २,५०,००० बँकेतून गेलेले दाखवता येतात.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण मुदत दोन वर्षांची आहे, पोलिसांच्या भरवशावर ती घालवू नका.

नवा फॅब्रिकेटर म्हणतो, या खांबांवर तो कैच्या (छपराचे लोखंडी सांगाडे) चढवणार नाही, वाऱ्यात शेड कोसळेल. खांब तसेच उभे आहेत, पंचनाम्यासाठी हलवलेले नाहीत. ठाण्यात शेवटी एवढंच ऐकायला मिळालं, त्याच्यावर आणखी कुणाची तक्रार असेल तर पाहू. निफाड, येवला, चांदवड भागात कुणाचे असेच खांब उभे राहिले असतील तर पावत्या घेऊन या, आपण एकत्र जाऊ.