टाचेवरून निघालेल्या त्या वळ्या कातडीच्या नसतात

प्रदर्शनात, जत्रेत, कधी सोसायटीच्या आवारात टाचांच्या भेगांवर उपाय विकणारा हा स्टॉल लागतो. एक खुर्ची, कोमट पाण्याचा टब, पांढरा टॉवेल. "मावशी, बसा तरी, घ्यायलाच पाहिजे असं नाही." मावशी चप्पल काढेपर्यंत विक्रेता त्यांच्या मनगटावर जेलचे दोन थेंब टाकून चोळायला लागलेला असतो. अर्ध्या मिनिटात राखाडी वळ्या निघतात, खोडरबराच्या चुऱ्यासारख्या. "बघा, किती मेलेली कातडी साठलीय!" मनगटाची ही गत, तर टाचेचं काय असेल, हे त्याला सांगावंच लागत नाही. पाकिटाकडे हात तिथेच जातो.

जेलला घट्टपणा येतो तो कार्बोमर नावाच्या पॉलिमरने. कातडीवरच्या घामातलं मीठ लागलं की हा जेल फुटतो, आणि त्यातच मुद्दाम घातलेल्या, केसांच्या कंडिशनरमध्ये असतो तशा घटकाशी मिळून त्याचा चोथा होतो. वळ्या त्या चोथ्याच्या. राखाडी रंग हाताच्या मळाचा. खात्री करायची तर तोच जेल कोरड्या स्टीलच्या ताटलीवर घेऊन चोळायला सांगा. तिथेही वळ्या आल्या तर प्रश्न मिटला. ताटलीला मेलेली कातडी नसते. ही मागणी केली की स्टॉलवरच्या माणसाला एकदम दुसरं गिऱ्हाईक आठवतं.

मग टाच टबात. साबणाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं राहिली की कुणाचीही टाच फुगून मऊ पडते. त्यावर खवणीसारखी पट्टी फिरवायची, वर पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा आणि फोटो काढायचा. हा फोटो ओल्या टाचेचा असतो. तळपायाला घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात. साबणाने उरलासुरला ओलावाही निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी टाच आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखी वाटते. भेग मुळात पडते ती टाचेखालची चरबीची गादी वजनाने बाजूला पसरते म्हणून. कडेची कातडी लवचीक असेल तर ताणते, वाळून घट्टा झाला असेल तर फुटते. खवणीने जोरात खरवडलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. महिन्याभरात घट्टा परत, आणि विक्रेत्याने दिलेला फोन नंबरही हाताशी असतोच.

इथपर्यंत नुकसान पैशांचं. खरी भीती जेलबरोबर विकल्या जाणाऱ्या किटमधल्या बिनलेबलच्या मलमाच्या डबीची. "जडीबुटीचं आहे, साइड इफेक्ट शून्य." अशा 'हर्बल' मलमांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं जोरकस, आणि घट्टा उतरवायला सोबत सॅलिसिलिक ॲसिड. आठवड्यात खाज जाते, लाली जाते, पापुद्रा सुटतो. गिऱ्हाईक शेजारणीलाही सांगतं. पण टाचा फुटण्याचं कारण बुरशी असेल, तर स्टिरॉइडखाली ती निवांत पसरते. तळव्याच्या रेषांमध्ये पिठासारखा पांढरा कोंडा, एखादं जाड पिवळं नख, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, ही तिची खूण. मलम थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं आणि लोक म्हणतात, "औषध चांगलं होतं, बंद केलं म्हणून वाढलं." दुसरी डबी अशी विकली जाते. धंद्याचं सगळं गणित त्या एका वाक्यावर उभं आहे. क्लोबेटासोल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मलमांच्या रूपातली अशी १४ स्टिरॉइडं केंद्र सरकारने २०१८ साली अनुसूची एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीच्या, कक्षेत आणली. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर सॅलिसिलिक ॲसिडने झालेली जखम दिसेपर्यंत कळतही नाही. अशा माणसाला हे मलमही नको आणि ती खवणीसारखी पट्टीही नको.

आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. डबीवर नुसता पायाचा फोटो आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' असेल तर ती परत ठेवा.

जळवातावर, म्हणजे तळपायाच्या भेगांवर, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं ते मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. ते चांगलंच आहे, पण पर्यटकांना त्या नावाखाली मेणाचे गोळेही मिळतात. मुठेल साधारण ४० अंशांना वितळतं, मेणबत्तीचं मेण त्याहून बऱ्याच जास्त उष्णतेला. हात जेमतेम टिकेल इतक्या गरम पाण्यात वाटी ठेवून तुकडा टाका. मेण तसंच बसून राहील. वनस्पती तूप मात्र ही परीक्षा पास होतं. (झालं तर झालं, टाचेला त्याने काही होत नाही, पैसे तेवढे जास्त गेले.)

आता टाचा खरंच बऱ्या करायच्या तर औषधाच्या दुकानात युरियाचं क्रीम मागा आणि टक्केवारी वाचा. १० टक्के ओलावा धरून ठेवतं आणि रोज लावता येतं, २० ते २५ टक्के घट्टा सैल करतं. पाय कोमट पाण्यात दहाच मिनिटं, साबणाशिवाय. टाच ओलसर असतानाच वज्री किंवा प्युमिक दगड हलक्या हाताने, एकाच दिशेने, आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त नाही. पाय टिपून दोन-तीन मिनिटांत एका टाचेला वाटाण्याएवढं क्रीम चोळा, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, रात्रभर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया आणि वज्री दोन्ही थांबवा, नाहीतर आग आग होते. चार-पाच दिवस नुसती जेली लावून भेगेच्या कडा चिकटपट्टीने जवळ धरून ठेवा. कातडी नवी यायला तीन-चार आठवडे जातात. मागून उघडी, सपाट स्लिपर घरातही घातली तर टाच पसरतच राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. टाच धरून ठेवणारी चप्पल घ्या. तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा वर सांगितलेला कोंडा दिसतो, तर कातडीच्या डॉक्टरकडून बुरशीची तपासणी करून घ्या.

डबी आधीच घेऊन वापरली असेल तर ती टाकून देऊ नका. उरलेलं मलम, खोकं, यूपीआयची पावती, स्टॉलचा फोटो जपून ठेवा. डॉक्टरकडे जाताना डबी बरोबर न्या आणि किती दिवस लावलं ते सांगा. स्टिरॉइडने बुरशीचं रूप बदलतं, न सांगता बघणाराही चकतो. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ वर, पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. डबी उघडी असली तरी झाकण घट्ट लावून ठेवा. दुसऱ्या भांड्यात काढलेलं मलम कुठून आलं हे नंतर सिद्ध करता येत नाही.