हातकागदाचा साचा-संच: पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर शालेय वर्षभर वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो: साचा घेण्याजोगा आहे, बाकीचं सामान नसतं तरी काही अडलं नसतं. जूनपासून मार्चपर्यंत, आठवड्यातून एकदा, वीसेक मुलांच्या गटात, जुन्या कागदापासून हातानं नवा कागद करायचा हा संच वापरात होता. भर पावसाळ्यात तो कसा वागतो आणि कोरड्या हवेत कसा, हे दोन्ही पाहून झालं आहे.

मुळात हाच प्रकार का निवडला? 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली शाळांत जे चालतं, त्यातलं बरंचसं रिसायकलिंग नसतंच. पाण्याची रिकामी बाटली भंगारवाला किलोवर घेतो. तीच कापून, वर चमकी आणि लोकर चिकटवून पेनस्टँड केला, की कुणी हातही लावत नाही. प्रदर्शन उरकलं की तो कचऱ्यात. चांगला विकला जाणारा माल आपणच बिघडवतो आणि मुलांना त्याबद्दल बक्षीस देतो. कागदाचं तसं नाही. जुना कागद मोडून पुन्हा कागदच होतो, आणि तो मुलांच्या डोळ्यांदेखत, एका टबात होतो.

संचात ए-५ मापाच्या दोन लाकडी चौकटी येतात, एक जाळी ठोकलेली आणि एक मोकळी; दोन्ही मिळून साचा. शिवाय दहा पांढरी कापडं, एक स्पंज, वाळलेल्या पाकळ्यांची पुडी, चमकीची पुडी आणि माहितीपत्रक. चमकी पहिल्याच दिवशी काढून ठेवा. ती प्लॅस्टिकची असते, लगद्यातून कधीच सुटत नाही, आणि टबातल्या पाण्याबरोबर बागेत किंवा गटारात जाते. माहितीपत्रकात 'लगद्यात दोन चमचे गोंद घाला' असं छापलंय, तेही सोडून द्या. कागदाला गोंद लागत नाही. ओले तंतू एकमेकांजवळ आले आणि मधलं पाणी उडालं की ते आपोआप एकमेकांना धरतात. उलट फेव्हिकॉल घातलं तर कागद जाळीला चिकटतो आणि पुढच्या वेळी तो कागद पुन्हा भिजत नाही.

आता प्रमाण, कारण नव्वद टक्के बिघाड इथेच होतो. ७० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा) एक ए-४ कागद साधारण ४.४ ग्रॅमचा. ए-५ मापाचा, हाताला जरा जाड लागणारा, १२५ ते १४० जीएसएमचा हातकागदही चार ते साडेचार ग्रॅमच भरतो. म्हणजे हिशोब सोपा: एक जुना ए-४ दिला की निम्म्या मापाचा, दुप्पट जाडीचा एक कागद मिळतो. नऊ-दहा कागद फाडून (सुमारे ४० ग्रॅम) आठ लिटर पाण्यात सोडले की पहिला कागद बरोबर जाडीचा निघतो. पण टबातल्या ४० ग्रॅममधून दहा एकसारखे कागद निघतील असं समजू नका. प्रत्येक कागद चार ग्रॅम घेऊन जातो, त्यामुळे चौथा-पाचवा विरविरीत येतो आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. दर दोन कागदांमागे मगभर दाट लगदा टबात घालून हातानं ढवळायचं. लगद्याची वेगळी बादली भरून ठेवावी लागते ती यासाठीच. टब ४० बाय ३० सेंटिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर साचा आडवा करायला हात मावत नाहीत.

भिजवणं रात्रभर, तुकडे दोन सेंटिमीटरचे. मोठे तुकडे मिक्सरच्या पात्याला गुंडाळले जातात. दीड लिटरच्या भांड्यात पाऊण लिटर पाणी आणि भिजलेल्या दोन-तीन ए-४ इतकाच कागद. वीस सेकंद, थांबून पुन्हा वीस सेकंद. जास्त कोंबलं की मोटर तापून बंद पडते; खालचं लाल बटण दाबायच्या आधी दहा मिनिटं थांबा. भांडं स्वयंपाकाचं वापरू नका, शाई आणि खळ कुठली कुठली असते. मिक्सर मोठ्यांनीच चालवायचा. लगदा झाला का हे पाहायला चमचाभर लगदा काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर हलवून उजेडासमोर धरा. पातळ ताकासारखं एकसंध दिसलं की झालं. अक्षरांचे तुकडे तरंगताना दिसले तर अजून दहा सेकंद. मात्र दोन-दोन मिनिटं फिरवत बसू नये. तंतू आखूड होतात, पाणी जाळीतून उतरायला वेळ लावतं आणि कागद वाळल्यावर मोडतो. मिक्सर नसेल तर उखळात कुटूनही होतं. वेळ लागतो, पण तंतू लांब राहतात आणि कागद खरं तर जास्त चिवट निघतो.

या उपक्रमाचा खरा गाभा मात्र टबापाशी नाही, त्याच्या आधीच्या वर्गवारीत आहे. मुलांना घरून 'कोणताही कागद' आणायला सांगा आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा कोमट पाण्याच्या वेगवेगळ्या वाटीत टाका. वहीचा आणि झेरॉक्सचा कागद अर्ध्या तासात बोटानं कुसकरता येतो. वर्तमानपत्र त्याहून लवकर, पण त्याचा कागद करडा, कमजोर आणि उन्हात पिवळा पडणारा, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडात तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य, राहिलेलं असतं. अंड्यांचा ट्रे क्षणात विरघळतो, पण तो आधीच जुन्या कागदाचा असतो, तंतू आखूड. चांगल्या लगद्यात पाव हिस्सा मिसळला तरच उपयोगी. खाकी खोक्याचा पुठ्ठा चोवीस तास भिजवावा लागतो, चिकटपट्टी आधी सोलावी लागते, पण सगळ्यात मजबूत कागद त्याचाच. गुळगुळीत छपाईच्या दिनदर्शिकेतून पांढरट पाणी सुटतं. ती माती आणि चुनखडी, कागदाला चकाकी यावी म्हणून थापलेली. वजनातला मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो.

आणि मग लग्नपत्रिका. आपल्याकडे प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो आणि मुलं हौसेनं तोच आणतात. सोनेरी फॉइल, मखमली थर, वरून लॅमिनेशन! दोन दिवस भिजवली तरी तशीच. चहाचा कागदी कप भिजवून सोलला की आतून पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा अख्खा हातात येतो. तो पापुद्रा काढायला प्रत्येक मुलाला लावा. 'कागदी' कप म्हणजे काय, ते त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. फळांच्या रसाच्या खोक्यात कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनिअम असे थर एकावर एक निघतात. दुकानाच्या बिलाचा आणि मशीनच्या तिकिटाचा थर्मल, म्हणजे उष्णतेनं छापला जाणारा, कागद मात्र वाटीतही घालू नका. नखानं ओरखडा काढला आणि काळी रेघ उमटली की तो थर्मल, बाजूला ठेवायचा. त्यावर बिस्फेनॉलसारखी रसायनं असतात आणि ती लगद्यात उतरतात.

साचा चालवायचं तंत्र असं: मोकळी चौकट जाळीच्या चौकटीवर घट्ट धरायची, टबाच्या पलीकडच्या बाजूनं उभी बुडवायची, पाण्याखाली आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. उचलल्यावर पाणी उतरत असताना तीन-चार सेकंद पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवायचं. तंतू चहू दिशांनी गुंततात ते याच वेळी. मुलं हे हलवणं विसरतात किंवा पाणी उतरून गेल्यावर करतात. तेव्हा केलं तर कागदाला भेगा पडतात. वरची चौकट काढताना एक थेंब जरी कागदावर पडला तरी तिथे खड्डा दिसतो, म्हणून ती तिरकी न करता सरळ उचलायची. बिघडला तर जाळी उलटी करून टबात टेकवली की लगदा परत पाण्यात. काही वाया जात नाही, हे मुलांना फार आवडतं.

कापडावर उतरवताना सगळ्यात जास्त रडारड होते. कागद जाळी सोडत नाही याची कारणं जवळजवळ नेहमी हीच: कापड कोरडं आहे, कागद फार पातळ आहे, किंवा मागून स्पंजानं पाणी पुरतं टिपलेलं नाही. कापड आधी ओलं करून पिळून घ्या. साच्याची एक कड कापडावर टेकवा, मग साचा झोपवा, जाळीच्या पाठीवर स्पंज दाबून पिळा, असं चार-पाच वेळा, आणि पहिल्या कडेपासूनच उचला. संचातल्या कापडांना लव आहे, तंतू तिच्यात अडकतात. जुनं धोतर किंवा धुऊन मऊ झालेलं मांजरपाट त्याहून कितीतरी सरस.

दाबायला दोन पाट आणि वर एक मुलगा उभा, एवढा प्रेस पुरतो. पाच मिनिटं दाबलेला कागद आणि न दाबलेला कागद वाळल्यावर शेजारी ठेवा, फरक हातालाच कळतो. वाळवताना कापडासकट काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर चिकटवून सावलीत ठेवा. उन्हात सोडलेला कागद गुंडाळी होतो.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जुलैत कागद वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि तिसऱ्या दिवशी काळे ठिपके येतात. पंख्याखाली, दोरीवर, एकेक सुटा टांगला तरच निभतं. 'बियांचा कागद' या दिवसांत करूच नका. राजगिरा, मोहरी किंवा तुळशीचं बी ओल्या कागदातच फुगतं, फुटतं आणि वाळून मरतं. ते काम जानेवारीनंतर. बी मिक्सरमध्ये न टाकता टबात, अगदी शेवटी. उरलेला लगदा बादलीत ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. पिळून त्याचे गोळे करा आणि कडक वाळवा. महिनाभर टिकतात, भिजवले की पुन्हा चालतात.

टबातलं पाणी मोरीत ओतायचं नाही, ही एक गोष्ट दारावर लिहून लावा. तंतू पाइपाच्या वळणात साचतात, सुकतात आणि पाइप तुंबतो. कापडातून गाळा, कापडावरचा लगदा परत गोळ्यात, पाणी पुढच्या टबाला किंवा झाडांना.

शाई फुटते, ही तक्रार येणारच, कारण या कागदाला खळ नाही. आठ लिटरच्या टबात दोन मोठे चमचे मैद्याची शिजवलेली पातळ खळ घातली की बॉलपेन छान चालतं, शाईचं पेन बऱ्यापैकी. वाळल्यावर काचेच्या गोटीनं घोटलं तर आणखी बरं. जुन्या पोथ्यांचा कागद असाच खळ देऊन घोटलेला असायचा, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा काही शतकांची आहे. खळीच्या कागदाला झुरळं आणि कसर लागते, तेव्हा तो कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचा नाही. रंगासाठी हळद सगळ्यांना सुचते. टबात साबणाचा अंश असेल तर ती लालसर होते आणि उजेडात आठवड्याभरात उडते. रंगीत घोटीव कागदाची कात्रणं किंवा कांद्याच्या सालींचा काढा जास्त टिकतो.

वर्षभरातला सगळ्यात चांगला प्रयोग संचाच्या माहितीपत्रकात नाहीच. मुलांनी केलेला कागद पुन्हा फाडून त्याचा दुसरा कागद, मग तिसरा. प्रत्येकावर पेन्सिलीनं १, २, ३ लिहायचं. मग प्रत्येकातून दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून वरून क्लिपनं टांगायची, खालच्या क्लिपला छोटा डबा अडकवायचा आणि चमच्याचमच्यानं वाळू घालत जायची. पट्टी तुटली की वाळू तोलायची. तिसऱ्या पट्टीची वाळू पहिलीपेक्षा स्पष्ट कमी भरते. तंतू दर फेरीला तुटत जातात, म्हणून कारखान्यातही तोच तंतू पाच ते सात फेऱ्यांपलीकडे सहसा टिकत नाही, मध्ये नवा तंतू मिसळावा लागतो. जोडीला जुन्या सुती बनियनचे बारीक कातरलेले धागे मिसळून चौथी पट्टी करा. ती पहिलीलाही मागे टाकू शकते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून असलेल्या हातकागद संस्थेत कागद सुती चिंध्यांपासून का करतात, ते मुलं आपण होऊन सांगतात. मात्र चिंध्या मिक्सरला झेपत नाहीत. अर्धा सेंटिमीटरपेक्षा लांब धागा पात्यावर दोरी वळतो.

चार मुलांमागे एक टब ठेवा: एक साचा धरणार, एक लगदा घालून ढवळणार, एक कापडं ओली करणार, एक दाबणार, आणि दर दोन कागदांनी अदलाबदल. सहा जणांना एक टब दिला की दोघं नुसतं पाणी उडवतात. चौथीच्या खालच्या मुलांना ए-५ साचा पाण्यासकट जड जातो. त्यांच्यासाठी निम्म्या मापाचा करून घ्या.

संचाच्या टिकाऊपणाबद्दल. लाकूड पॉलिश न केलेलं होतं, दुसऱ्याच महिन्यात कोपरे फुगून सांधे सुटले. जाळीचे पिन लोखंडी, त्यांचा तपकिरी डाग प्रत्येक कागदाच्या कडेला उतरला. नायलॉनची जाळी भिजल्यावर सैल पडते, मग कागद मधे जाड आणि कडेला पातळ येतो. विक्रेत्याकडे तक्रार केली तर 'हे एकदाच वापरायचं खेळणं आहे' असं उत्तर आलं. दुरुस्ती सोपी आहे: सांध्यांना पितळी स्क्रू, लाकडाला वॉर्निशचे दोन हात, आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून अर्धा मीटर पॉलिएस्टर जाळी, जी ओली झाली तरी ताणलेलीच राहते. एका अर्ध्या मीटरमध्ये तीन-चार साचे होतात. दुसरा साचा हवा असेल तर नवीन संच मागवू नका. एकाच मापाच्या दोन जुन्या फोटोफ्रेम घ्या, एकीवर जाळी स्टेनलेस पिनांनी ठोका. चौकटीची जाडी दोन सेंटिमीटरच्या वर हवी, नाहीतर लगदा कमी बसतो आणि कागद विरळ येतो.