'जेकब्स पिलो डान्स इंटरॅक्टिव्ह': नाशिकच्या नृत्य-अभ्यासकाला किती उपयोगी?

कंटेम्पररीचं वर्कशॉप झालं की कथकच्या वर्गांतून एक प्रश्न ठरलेला असतो: हे जमिनीवर पडणं, पोट आत ओढून कणा गोल करणं, याचा आपल्या जुन्या नृत्यपरंपरेशी काही धागा आहे की नाही? यावर प्रबंध लिहायचा तर मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांना खेपा घालाव्या लागतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या नृत्यविभागातल्या बऱ्याच चित्रफिती तर त्यांच्या इमारतीत बसूनच बघता येतात. म्हणून घरबसल्या, लॉगिनशिवाय आणि फुकट चालणाऱ्या 'डान्स इंटरॅक्टिव्ह' या नृत्यफितींच्या वेबसाइटचा हा हिशेब.

अमेरिकी नर्तक टेड शॉन यांनी 1930च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर उभ्या केलेल्या 'जेकब्स पिलो' या नृत्यकेंद्राचं हे चित्रफीत-दालन. 1930च्या दशकापासून आजपर्यंतचे तुकडे त्यात आहेत. कलाकार, शैली किंवा काळ यांवरून शोधता येतं. प्रत्येक तुकड्यासोबत छोटी टिपणं असतात आणि वेगळ्या विभागात लांब लेखही आहेत. हे लेख वगळून नुसत्या फिती बघणारा निम्मा माल तिथेच सोडून येतो. बहुतेक तुकडे दोनेक मिनिटांचे, म्हणजे मोबाइल डेटावर 720पी दर्जात एकेक साधारण 20 ते 35 एमबी. सगळं इंग्रजीत आहे.

याची खरी ताकद आहे वंशावळ लावण्यात. कोण कोणाकडे शिकलं, कुठल्या साली बाहेर पडलं, हे लेखांतून आणि कलाकारांच्या पानांवरून जुळवता येतं, आणि या विषयात निम्मे वाद तारखांनीच मिटतात. उदाहरणार्थ, अमेरिकी आधुनिक नृत्यातल्या मार्था ग्रॅहॅम यांची जमिनीवर बसून करायची तालीम भारतातून गेली असं ठोकून लिहिलेलं वाचायला मिळतं. पुरावा म्हणून डेनिशॉन, म्हणजे रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या नृत्यशाळेच्या मंडळींचा आशिया दौरा पुढे केला जातो. तो दौरा 1925-26चा, आणि ग्रॅहॅम डेनिशॉनमधून 1923 सालीच बाहेर पडलेल्या. दौऱ्याचा मुद्दा तिथेच पडतो. त्याआधी डेनिशॉनच्या वर्गात त्यांना काय शिकायला मिळालं, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे. तसंच रूथ सेंट डेनिस यांचं 'राधा' हे नृत्य 1906चं, म्हणजे त्यांनी भारत पाहण्याच्या वीसेक वर्षं आधीचं. त्यात पोशाख आणि चित्रं भारताची, पदन्यास नव्हे.

आता बघण्याची रीत. इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

पहिलं, नृत्य बसवल्याचं साल आणि चित्रणाचं साल वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहावं. 'राधा'चं चित्रण 1941 सालचं आहे. साठी ओलांडलेल्या बाईंचं शरीर बघून 1906च्या तंत्राबद्दल विधान करणं धोक्याचं.

दुसरं, वेग. जुन्या मूक फिती अनेकदा सेकंदाला 16 ते 18 फ्रेमनी काढलेल्या असत. त्या 24नं चालवल्या की नाच दीडपटीपर्यंत वेगवान दिसतो आणि 'काय चपळाई!' असं लिहून मोकळं होता येतं. 18ची फीत 0.75 वेगावर बरोबर येते, 16ची साधारण 0.67वर. ब्राउझरमध्ये वेग बदलणारं एक्स्टेंशन टाकावं. अंदाज चालीवरून आणि उडीवरून घ्यावा: उडी मारलेला माणूस अनैसर्गिक झटकन खाली आला तर वेग चुकलेला आहे. मूक फितीवर नंतर चढवलेलं संगीत असेल तर नाच तालात आहे की नाही, हे त्यावरून तपासू नये.

तिसरं, पायांचं काम. मात्रा मिनिटाला 120 धरली तर चौगुणीत, म्हणजे एका मात्रेत चार आघात घेताना, सेकंदाला 8 आघात पडतात. 25 फ्रेमच्या फितीत एका आघाताला जेमतेम तीन फ्रेम येतात, त्यामुळे टाच पडली की पंजा, हे ठरवताच येत नाही. तुलनेसाठी स्वतःचा तत्कार (कथकमधलं पायांचं काम) मोबाइलवर सेकंदाला 120 फ्रेमनी घ्यावा, म्हणजे एका आघाताला 15 फ्रेम मिळतात. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर आणि पायांत घुंगरू असू द्यावेत, कारण आवाजाची रेषा चित्रापेक्षा जास्त खरं बोलते.

तुलनेच्या तक्त्यात इतके रकाने पुरतात: वजन कुठल्या पायावर, गुडघा किती वाकलेला, हालचाल कुठून सुटते (ओटीपोट, खांदा की मनगट), श्वास सोडताना की घेताना, नजर, जमिनीला काय टेकतं. दोन नृत्यांत हे सगळं जुळलं तरी ते फक्त साम्य झालं. नातं म्हणायला गुरू, ठिकाण आणि साल हे तिन्ही लागतात. उदय शंकर 1923 साली लंडनमध्ये रशियन बॅले-नर्तकी ॲना पावलोवांबरोबर नाचले, हे नातं. एखादी मुद्रा योगासनासारखी दिसते, हे नव्हे.

शोधपेटीत 'भरतनाट्यम' टाकून थांबू नका. नाव तोडून लिहिलेलं असू शकतं, आणि 1930-40च्या पाश्चात्त्य नोंदींत तर सगळ्याच भारतीय प्रकारांना 'हिंदू डान्स' म्हणून टाकलेलं असे.

उणीव मोठी आहे ती भारताच्या बाजूची. कुमुदिनी लाखिया यांनी 1964 साली अहमदाबादेत 'कदंब' काढून कथकला एकल नाचातून समूहरचनेत आणलं. नृत्यरचनाकार चंद्रलेखांनी 1985च्या 'अंगिका'त भरतनाट्यम, कळरिपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग एकत्र आणले. भारतातल्या समकालीन नृत्याची ही मुख्य वाट आहे, पण ती समजून घ्यायला अमेरिकी दालन पुरत नाही. फक्त तिथेच अभ्यास केला तर जमिनीवरचं काम म्हणजे अमेरिकेची देणगी, असाच निष्कर्ष निघेल. त्याला उतारा आपल्या जवळच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'चा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. त्यात देशी, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या, नृत्यातली उडीची करणं (नृत्याच्या मूळ हालचाली) वेगळी दिली आहेत. दंडवत घातल्यासारखं जमिनीवर येणंही त्यांत आहे. नाट्यशास्त्राची 108 करणं चौथ्या अध्यायात. दोन्हींच्या जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात, मात्र देवनागरीतला शब्दशोध तिथे भरवशाचा नाही. अध्याय काढून पानं उलटावीत. करण ही हातापायांची मिळून हालचाल असते आणि मंदिरावरचं शिल्प तिचा एकच क्षण दाखवतं, हे विसरलं की तमिळनाडूतल्या चिदंबरम मंदिरावरच्या करणशिल्पांच्या फोटोंवरून भलतेच निष्कर्ष निघतात.

गावातल्या ग्रंथालयांचंही काम पडतंच. 1840 पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाताना लेखक-शीर्षकाची यादी लिहून न्यावी. ड्यूई वर्गीकरण असेल तिथे नृत्य 792.8 आणि 793.3 अशा दोन क्रमांकांत विभागलेलं असतं, आणि तालाची पुस्तकं 780च्या घरात. एकच कपाट बघून 'नृत्यावर काही नाही' म्हणणारे पुष्कळ.

बोहाड्यासाठी, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचण्याच्या आदिवासी उत्सवासाठी, मात्र कुठलीच वेबसाइट धुंडाळू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या गावांत उन्हाळ्यातल्या रात्री सोंगं निघतात. मुखवट्याच्या वजनामुळे मान स्थिर राहते आणि चाल गुडघ्यातून येते, हे पडद्यावर उमगत नाही. मुखवटा म्हणजे तिथे देव. कॅमेरा काढण्याआधी गावकऱ्यांना विचारावं, आणि नको म्हणाले तर वहीवर भागवावं.

पाश्चात्त्य आधुनिक नृत्याची बाजू अभ्यासायला पाचपैकी साडेचार, भारतीय धाग्यासाठी दोन. पूर्ण रचना बघायच्या असतील तर फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या मेझों द ला दान्स या नृत्यगृहाचं 'न्यूमेरिदान्स' हे ऑनलाइन दालन सोबत ठेवावं. तेही फुकट आहे आणि काही रचना तिथे अखंड मिळतात. फिती उतरवून ठेवण्याचा खटाटोप करू नका. हक्क त्यांचे आहेत. प्रबंधात द्यायला दुवा, चित्रणाचं साल आणि मिनिट-सेकंद एवढं पुरतं.