स्विफ्टच्या डिस्क प्लेट आणि पॅड बदलल्यावर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि चिखलदऱ्याचा घाट

मार्चमध्ये स्विफ्टच्या पुढच्या दोन्ही डिस्क प्लेट (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आणि त्यांना दाबून धरणारे पॅड एकदमच बदलून घेतले. त्यानंतर नागपूरचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गेला, समृद्धीवरून जाणं-येणं झालं, चिखलदराही झालं. मुद्दाम इतके महिने थांबून लिहितोय. नवं ब्रेकचं काम पहिल्या आठवड्यात कुणाचंही चांगलंच वाटतं, त्यावरून मत देण्यात अर्थ नसतो.

कारण होतं थरथर. वर्धा रोडवर खापरीच्या पुढे गाडी ऐंशी-नव्वदवर असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात कापायचं, पेडलमधूनही धक्के जाणवायचे. शहरात चाळीसच्या वेगाला मात्र काहीच कळत नसे. आधीच्या गॅरेजने फक्त पॅड बदलून दिले होते. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. या वेळच्या मिस्त्रींनी चाक काढलं आणि प्लेटच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. बाहेरच्या बाजूला स्पष्ट काठ आला होता. म्हणाले, "भाऊ, या प्लेटवर नवे पॅड टाकसान तर तेबी असेच घासतीन."

त्यांनी नुसतं डोळ्यांनी बघून सांगितलं नाही, हे मला आवडलं. मायक्रोमीटरने प्लेटची जाडी फिरवून फिरवून चार-सहा ठिकाणी मोजली. किमान जाडी किती हवी ते प्लेटवरच कोरलेलं असतं, तेही दाखवलं. आमची प्लेट त्या मर्यादेला टेकली होती आणि वर सगळीकडे सारखीही नव्हती. अशी प्लेट लेथवर मारून सरळ करता येईल, पण ती मर्यादेच्या खाली जाते. पातळ प्लेट उष्णता कमी साठवते, लवकर तापते. नागपूरच्या मे महिन्यात ती जोखीम घ्यायची नव्हती.

"प्लेट वाकली" असं आपण सहज म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, कमी-जास्त जाडीची झालेली असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला थोडासा फरकही स्टिअरिंगला कळतो. तो फरक येतो कुठून, हेच या कामाचं मर्म आहे. चाकाच्या हबवर, जिथे प्लेट बसते, तिथे गंज साचतो. त्यावर तशीच नवी प्लेट बसवली की ती केसभर तिरकी फिरते. ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला ती एकाच जागी पॅडला लागते, हळूहळू तिथेच झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. पार्ट नवे टाकूनही सहा महिन्यांत तक्रार येते ती बऱ्याचदा यामुळे.

आमच्या मिस्त्रींनी हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले. या कामाला वेळ लागतो आणि बिलात त्याची वेगळी ओळ नसते. जुनी प्लेट गंजून चिकटली होती, पण तिच्यावर हातोडा चालवला नाही. प्लेटला आटे पाडलेली दोन छिद्रं असतात, त्यांत बोल्ट कसत गेलं की ती आपोआप सुटून येते. नवी प्लेट ब्रेक क्लीनरने पुसली, कारण तिच्यावर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो. मग तिरकेपणा मोजणारं डायल गेज लावून फिरवली, काटा जेमतेम हलला. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ब्रेक ऑइलच्या होजवर न लोंबकळवता तारेने बांधून ठेवला होता. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लायडर पिन एका बाजूला जाम होती, म्हणून तिकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त खाल्ला गेला होता. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने, समोरासमोरचे असे क्रमाने कसले.

पार्ट मूळ कंपनीचेच घेतले. पार्ट आणि मजुरी धरून बिल पाच आकडी झालं नाही.

नवे पॅड प्लेटवर रुळवून घेणं मात्र आपल्या हातात असतं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, कारण कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिला ब्रेक पोकळ जातो. मग पहाटे आउटर रिंग रोडवर साठपासून पंधरापर्यंत वेग मध्यम दाबाने उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा केलं, नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ दिलं. यात पॅडचा पातळ, एकसारखा थर प्लेटवर चढतो. पकड येते ती त्या थरामुळे.

समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे. तासन्‌तास ब्रेकला पाय लागत नाही आणि मग एक्झिटला एकदम वेग उतरवावा लागतो. तिथे स्टिअरिंग आजही स्थिर राहतं. टोलच्या रांगेत तापलेला ब्रेक दाबून उभं राहायचं मी टाळतो, हँडब्रेक ओढतो. नाहीतर पॅडचा ठसा प्लेटवर एकाच जागी उमटतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहिलो. पेडल खाली गेलं नाही, जळका वास नाही. त्याचं श्रेय नव्या ब्रेक ऑइललाही आहे, कारण ऑइल उकळलं की पेडल खाली जातं. डॉट 4 दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मुरल्यावर हाच आकडा 155 पर्यंत येऊ शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटवर तांबूस गंज दिसतो, सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात आणि साफ होतात. काळजीचं कारण नाही. पुढच्या अलॉयवर काळी भुकटी मात्र जुन्या पॅडपेक्षा जास्त बसते, ती मला खटकते. दिवाळीआधी टायर अदलाबदल करताना चारही पॅड बघितले, आतले-बाहेरचे सारखेच झिजले आहेत. आता पुढच्या सर्व्हिसला मागचे ड्रम उघडून लायनर बघून घेणार आहे.